घरात विचारलेले प्रश्न

कमलम्मांना आमच्या हॉस्पिटलात वॉर्डबॉयपासून मेट्रनपर्यंत सगळे वचकून असायचे, आणि मला विचाराल तर ते बरोबरच होतं. बाई तोंडाची फटकळ. कपाळाला भस्माची बोटं, पांढरं लुगडं, पायात टायरच्या चपला आणि पावसाचा पत्ता नसला तरी काखेत छत्री. अक्कलकोटाकडची बाई. देवाशी कन्नडात बोलायच्या, आमच्याशी मराठीत आणि खवळल्या की दोन्हीत. नवरा ऐन तारुण्यात पटकीनं गेला, मूलबाळ नव्हतं. भावांनी मठात नेऊन बसवायचं ठरवलं होतं, तर या पुण्याला जाऊन हेल्थ व्हिजिटरचा कोर्स करून आल्या आणि सोलापुरात नोकरीला लागल्या. भाऊ पुढं कित्येक वर्षं बोलत नव्हते. त्याचं त्यांना वाईट वाटायचं, पण कुणी कीव केलेली चालायची नाही.

हेल्थ व्हिजिटर म्हणजे पेशंट घरी गेला की त्याच्या मागोमाग त्याच्या घरी जाणारी बाई. औषध घेतोय का, जखम धुतोय का, की अंगारा लावून गप्प बसलाय, हे बघायचं. घरच्यांना ही पाहुणी नको असायची. तरी ही जायचीच.

मी धोंडीराम, त्याच हॉस्पिटलात टंकलेखक. कमलम्मांची आणि माझी खरी ओळख झाली ती चौऱ्याहत्तर साली, आमचे हाडांचे डॉक्टर इंग्लंडहून शिकून आले तेव्हा. माणूस भला, पण पायाला भिंगरी. त्यांनी येताना एक प्रश्नावली आणली होती. पाठीचा मणका मोडलेला माणूस घरी गेल्यावर स्वतःचं स्वतः काय काय करू शकतो, हे विचारायचे प्रश्न. उत्तरांवरून कळायचं, कोण सुधारतोय आणि कोण खचतोय. आमच्याकडे असे पेशंट उन्हाळ्यात वाढायचे. घरात उकडतं म्हणून सगळं गाव माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, झोपतं, आणि झोपेत कूस बदलताना एखादा थेट खाली अंगणात येतो. डॉक्टरांना ते प्रश्न मराठीत हवे होते. त्यांनी हे काम कमलम्मांच्या गळ्यात घातलं आणि स्टेन्सिल कापायचं माझ्या.

त्या माझ्या टेबलाशी येऊन बसायच्या आणि आमची वादावादी सुरू व्हायची. डॉक्टरही मधूनमधून येऊन तीत तेल ओतायचे. टबात उतरून अंघोळ करता येते का, असा एक प्रश्न होता.

"टब कुटं हाय सोलापुरात? न्हाणीत बसून सोताच्या हातानं अंगावर पानी घेता येतंय का, असं लिवा," कमलम्मा म्हणाल्या.

सुरी-काट्याच्या जागी आम्ही भाकरी मोडणं घातलं, कारण ज्वारीची भाकरी मोडायलाही बोटांत जीव लागतो. जिन्याच्या जागी मी शिडी सुचवली, तर बाई माझ्यावरच उखडल्या. म्हणाल्या, "शिडी चढूनच पडलाय की त्यो. शिडीचं नाव काडलं की रडत बसंल. पायरी म्हना." डॉक्टरांनी मलमूत्रविसर्जन असा शब्द लिहून आणला होता. तो वाचून कमलम्मा एवढ्या हसल्या, की डॉक्टरांनीच तो खोडला. तसे काही ठिकाणी डॉक्टरही बरोबर ठरले. गेल्या आठवड्याबद्दलच विचारायचं, एरवीचं नाही, हा त्यांचा आग्रह होता. कमलम्मांना ते पटलं आणि त्यांनी मुकाट्यानं मानलं.

भाषांतर झालं तरी काम संपत नव्हतं. प्रश्नावली पारखायची होती. आधी एका प्राध्यापकांनी मूळ कागद न बघता आमच्या मराठीचं पुन्हा इंग्रजी केलं. ते मुळाशी जुळलं आणि डॉक्टरांनी सगळ्या ऑफिसला चहा पाजला. मग दुसरी पारख. माणूस तोच, प्रश्न तेच, फक्त पंधरा दिवसांनी परत विचारायचे, आणि दुसऱ्या खेपेला लिहून घेणारा वेगळा. घरी गेलेल्यांना घरी विचारायचं, वॉर्डात असलेल्यांना वॉर्डातच. दोन्ही वेळची उत्तरं जुळली तर प्रश्नावली भरवशाची. नियम मात्र कडक होता. समोरचा सांगेल तेच लिहायचं, विचारणाऱ्यानं स्वतःची अक्कल चालवायची नाही.

आणि याच कागदांवर पुण्याची जागा ठरणार होती. पुण्यात अशा लोकांसाठी एक केंद्र होतं. तिथं हातांच्या जोरावर अंग उचलायला शिकवत, चाकांच्या खुर्चीत बसायला शिकवत आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं तेही शिकवत. आमच्या हॉस्पिटलच्या वाट्याला वर्षाकाठी एकच खाट यायची. ज्याला सगळ्यात जास्त गरज आणि ज्याचे हात शाबूत, त्याचं नाव जायचं. बाकीचे घरी पडून राहायचे, त्यांना जखमा व्हायच्या, त्या चिघळायच्या आणि मग ते जायचे. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पेशंटांनाही.

कमलम्मांच्या मनात ती खाट मल्लिकार्जुनाची होती. मूळचा वैरागचा हा पोरगा मार्केट यार्डात तोलार होता, म्हणजे अडत्याच्या दुकानात पोती काट्यावर चढवायची आणि वजन करायचं. ऐन चैत्रात माळवदावरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. हात मात्र पोती उचलून उचलून लोखंडासारखे झालेले. दोनेक महिने वॉर्डात ठेवून, खाटा कमी म्हणून त्याला घरी पाठवलं. त्याची बायको दाक्षायणी विशीची असेल-नसेल. कमलम्मांनीच तिला त्याची कूस वळवायला आणि लघवीची नळी धुवायला शिकवलं होतं.

"त्याला खुर्ची मिळू दे, धोंडीराम. परत काटा धरंल बघ त्यो. असले हात मी बगितले न्हाईत," कमलम्मा मला म्हणायच्या. एवढ्या आशेनं त्या दुसऱ्या कुणाबद्दल बोलल्याचं मला आठवत नाही.

पहिल्या खेपेला त्या मल्लिकार्जुनाकडे एकट्या गेल्या आणि परत आल्या त्या धुसफुसत. छत्री आपटून ठेवली.

"सगळं येतंय म्हनती ती. अंघोळ येती, कूस वळती, सोताचं सोता बसत्यात. आन् त्यो आपला आड्याकडं बगत 'व्हय व्हय' करतोय!"

डॉक्टर खूश झाले. "अरे वा, म्हणजे सुधारतोय."

"कसला सुधारतोय सायेब! मी गेले तवा उताना पडला होता, आले तवा बी उतानाच."

"बाई, तुम्हांला काय दिसलं ते नका सांगू. त्यांनी काय सांगितलं ते लिहिलंत ना? मग झालं. आपली नजर मध्ये घातली तर पारख कसली?"

त्यांचंही चूक नव्हतं, नियम त्यांनी मनानं काढला नव्हता. कमलम्मांनी छत्री उचलली आणि पुढच्या घराकडं निघाल्या. बाकीच्या घरांतही तेच चाललं होतं. जाईल तिथं सगळे बरे. हे लोक एवढे बरे असतील तर आपलं हॉस्पिटल बंदच करावं, असं मी थट्टेनं म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गपचूप मशीनमध्ये कागद चढवला.

दुसऱ्या खेपेला लिहिणारा वेगळा हवा, म्हणून मी बरोबर निघालो. बाकीची घरं आटोपून शेवटी मल्लिकार्जुनाकडे गेलो. बाळीवेशीजवळच्या एका गल्लीत त्यांची भाड्याची खोली होती. दाक्षायणीनं गूळ-पाणी पुढं केलं. देवळीत दिवा होता, धूप भरपूर जाळलेला, डोळे चुरचुरत होते. मल्लिकार्जुन छातीपर्यंत चादर घेऊन पडला होता. दाढी केलेली, भस्म लावलेलं, गळ्यात लिंग. एखाद्या समारंभासाठी तयार करून ठेवल्यासारखा दिसत होता तो, आणि मला ते बघवेना.

कमलम्मा प्रश्न विचारायला लागल्या.

"सोताची कूस सोता वळता येती का?"

"येती की," चुलीपाशी उभी असलेली दाक्षायणी म्हणाली.

"न्हाणीत बसून पानी घेता येतं का?"

"घेत्यात."

"मल्लिकार्जुना, तू सांग."

"व्हय," तो म्हणाला. आमच्याकडे त्यानं पाहिलं नाही.

मी लिहीत गेलो. चारपाच प्रश्न झाले आणि कमलम्मा मध्येच थांबल्या. त्यांनी नाक वर केलं. धुपाखालून एक वास येत होता, आणि हॉस्पिटलात नोकरी केलेल्या माणसाला तो सांगावा लागत नाही. त्या उठल्या आणि त्यांनी चादर बाजूला करून त्याला कुशीवर घेतलं. माकडहाडाशी तळहाताएवढी जखम होती. आत काय दिसत होतं ते मी लिहीत नाही. दाक्षायणीनं धावत येऊन चादर ओढली. म्हणाली, "बरं हाय, अक्का. बरं होत आलंय."

कमलम्मांनी तिचं मनगट धरलं आणि तिला खेचत दाराबाहेर नेलं. मीही कागद घेऊन मागं गेलो.

"खोटं का बोलतीस गं? जीव जाईल की त्याचा! पुन्याला जायचं का न्हाई त्यानं?"

गल्लीत आल्यावर त्या पोरीचा चेहराच बदलला. इकडं तिकडं बघून ती दबक्या आवाजात म्हणाली, "घरात कसं सांगू, अक्का? घर ऐकतंय की. मी 'येत न्हाई' म्हनले आन् वरनं तथास्तु झालं तर? मग कवाच येनार न्हाई त्यांना. त्यांना बी ठावं हाय ते. म्हनून त्ये बी व्हय म्हनत्यात."

"मग हितं सांग. कूस वळती?"

"न्हाई."

"अंघोळ?"

"न्हाई वो, न्हाई! काईच येत न्हाई! भाकर तेवडी हातानं खात्यात, ती बी आता नको म्हनत्यात. रात रात जागत्यात. मी काय करू, अक्का? कुनाला सांगू मी?" तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, आवाज आत जाऊ नये म्हणून.

कमलम्मांचा हात तिच्या मनगटावरून गळून पडला. वाचणाऱ्याला ही त्या पोरीची भाबडी समजूत वाटेल, तर त्यानं आधी स्वतःच्या घरात डोकवावं. तांदूळ संपले तर आपण संपले म्हणतो का? वाढले म्हणतो. कामाला निघालो तर जातो न म्हणता येतो म्हणतो. घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते, हे ऐकत आम्ही सगळे मोठे झालो. कन्नड घरांतून तर दिवेलागणीला थट्टेतही वाकडं बोलू देत नाहीत. आणि त्याच घरांत शिरून, दिव्यासमोर बसून, आम्ही एकेकाला विचारत होतो, तुला काय काय जमत नाही ते सांग. वॉर्डात विचारलं तेव्हा लोक खरं बोलले, कारण वॉर्ड कुणाचंच घर नव्हे.

"मला कसं कळलं न्हाई?" कमलम्मा वाटभर पुटपुटत होत्या. "मी बी हेच बोलले असते. मी बी घरात व्हयच म्हनले असते." मग कन्नडात काहीतरी स्वतःलाच बोलल्या. ते मला कळलं नाही, पण चांगलं नव्हतं.

आम्ही तसेच डॉक्टरांकडे गेलो. ते टेबलावर कागद पसरून बसले होते आणि इतके आनंदात होते की आम्हांला बोलूच देईनात. दोन्ही खेपांची उत्तरं तंतोतंत जुळत होती. "अहो, एवढी जुळणी तिकडं इंग्लंडातही मिळत नाही," ते म्हणाले. जुळणारच. खोटं सगळ्यांनी मनापासून आणि नेमानं सांगितलं होतं.

कमलम्मांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला. शेवटी ते अगदी हळू म्हणाले, "पुण्याचं नाव तर गेलं, बाई."

पहिल्या खेपेच्या कागदांवरूनच वॉर्डातल्या एका माणसाचं नाव गेलं होतं. अकलूजकडचा, उसाच्या ट्रकवरून पडलेला. त्यानं वॉर्डात खरं खरं सांगितलं होतं, म्हणून कागदावर त्याची गरज सगळ्यात मोठी दिसली. कमलम्मा म्हणाल्या, तार करा, थांबवा. पण तो सकाळच्या गाडीनं गेला होता, बायको आणि वळकटी घेऊन. आणि थांबवायचं तरी काय म्हणून? त्याचाही मणका मोडलेलाच होता. कुणावर चिडावं हे कळत नाही तेव्हा माणसाची जी गत होते, ती त्या खोलीत आम्हा तिघांची झाली होती. मला तर टाईपरायटर उचलून खिडकीबाहेर टाकावासा वाटत होता.

"तुमी चला," कमलम्मा डॉक्टरांना म्हणाल्या. "तुमी सोता विचारा त्याला. घराभाईर. आन् घरात दिलेलं एक बी उत्तर हितनं फुडं धरायचं न्हाई. सगळे कागद रद्द."

डॉक्टर कबूल झाले. सगळी मेहनत पाण्यात गेली होती, पण एक शब्द बोलले नाहीत. हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाळीवेशीला गेलो. शेजारचे तिघे बाप्ये आणि चौथा मी, आम्ही मल्लिकार्जुनाची खाट उचलून दाराबाहेर काढली आणि समोरच्या भिंतीच्या सावलीत ठेवली. घरी आल्यापासून तो पहिल्यांदाच उघड्यावर आला होता. उजेडानं त्याचे डोळे मिटत होते. दाक्षायणी बाहेर आली नाही. आम्ही खाट टेकवली आणि तिनं आतून दार ओढून घेतलं, घराला काही ऐकू जाऊ नये म्हणून.

डॉक्टरांनी जखम पाहिली. बराच वेळ पाहिली. मग शेजाऱ्यानं आणून दिलेल्या स्टुलावर ते बसले आणि पहिल्यापासून विचारू लागले.

"कूस वळता येते का?"

मल्लिकार्जुनानं बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "न्हाई."

"अंघोळ?"

"न्हाई."

"परसाकडचं कळतं का?"

"न्हाई." एकदा सुरुवात झाल्यावर तो थांबेना. न विचारलेलंही सांगू लागला. "काईच कळत न्हाई, सायेब. आख्ख्या बाजाराचा माल ह्या हातांनी तोललाय मी. आन् आता ही पोरगी मला पोरावानी धुती. वासानं तिला जेवान जात न्हाई. आन् मी आत पडून म्हनतोय, सगळं येतंय. व्हय म्हनून म्हनून त्वांड सुकलं माजं." मोठमोठ्यानं रडला तो. गल्लीतल्या बायकांनी तोंडं फिरवली. कमलम्मा त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या होत्या.

रडू ओसरल्यावर त्यानं विचारलं, "पुन्याला कवा जायाचं?"

उत्तर कमलम्मांनीच दिलं. "तितं आता जागा न्हाई, बाळा. आता फुडल्या सालाला."

"फुडल्या सालाला," तो म्हणाला. पुढलं साल म्हणजे काय हे त्याला समजलं होतं. डॉक्टर घाईघाईनं सांगू लागले, उद्याच वॉर्डात भरती करू, जखम साफ करू, इंजेक्शनं देऊ. तो ऐकत होता, नाही असं नाही. वॉर्डात त्याला पुन्हा जमिनीवरची गादी मिळणार होती आणि जखमेची सुरुवात तिथंच झाली होती, हे तो जाणून होता. कमलम्माही.

डॉक्टर कागद मिटायला लागले. तोलाराची नजर ती, त्यानं बरोबर हेरलं.

"एक राह्यलाय की सायेब. खाली. वाचा त्यो."

डॉक्टर म्हणाले, "असू दे. तो नाही विचारला तरी चालेल."

"वाचा म्हनतो न्हवं."

डॉक्टरांनी खाली मान घालून वाचला. "यापुढे तुमची तब्येत सुधारेल अशी तुम्हांला आशा वाटते का?"

मल्लिकार्जुन वर आभाळाकडे बघत राहिला. मग त्यानं मान वळवून बंद दाराकडे पाहिलं.

"मला घरात न्या," तो म्हणाला. "मग सांगतो."

आम्ही खाट उचलली. दाक्षायणीनं दार उघडलं. खाट होती त्या जागी ठेवली. देवळीत दिवा जळत होता. त्यानं एकवार सगळ्या खोलीवरून नजर फिरवली, आढ्यापासून चुलीपर्यंत, आणि खणखणीत आवाजात, बाजारात वजन पुकारावं तसं म्हणाला, "व्हय. वाटती आशा. लई वाटती."

दाक्षायणीनं हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. डॉक्टर पेन हातात धरून तसेच उभे राहिले. घरात दिलेलं उत्तर धरायचं नाही, असं कालच ठरलं होतं, आणि ठरवलं होतं कमलम्मांनी. त्यांनी डॉक्टरांच्या हातातून कागद आणि पेन घेतलं, भिंतीला कागद टेकवला आणि त्या ओळीपुढं 'होय' असं लिहिलं. मग त्या बाहेर आल्या, दार आपल्या हातानं नीट ओढून घेतलं आणि भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत, हंबरडा फोडून रडल्या.